घरी घडवलेल्या गिटारचा क्लिअर कोट: स्प्रे मारण्यापासून घासून चमकवण्यापर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉडी कापून झाली, नेक जुळला, फ्रेट बसले, की गिटार झालीच असं वाटतं. पण क्लिअर कोटचं, म्हणजे लाकडावरच्या पारदर्शक संरक्षक थराचं, काम त्यानंतर महिना-दीड महिना चालतं, आणि त्यातला बराचसा वेळ गिटारला हात न लावता काढायचा असतो. नव्याने गिटार घडवणाऱ्यांना तेच सगळ्यांत जड जातं. खालचे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात. उत्तरं वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: चमक सपाटीतून येते. पृष्ठभाग सपाट असला की प्रकाश एका दिशेने परत फिरतो. बारीक चरे आणि उंचवटे राहिले की तो विखुरतो आणि डोळ्यांना धूसर दिसतं. क्लिअर कितीही भारी घेतलं तरी घासण्याचं काम टळत नाही, ते यामुळेच.

क्लिअर कोट हवाच का? नुसतं तेल लावून चालणार नाही?

चालतं. टंग ऑइल किंवा उकळलेलं जवसाचं तेल कापडाने चोळलं, जास्तीचं पुसून टाकलं आणि असे चार-पाच हात दिले, तर लाकूड सुंदर दिसतं, हाताला लाकडासारखंच लागतं आणि पुढे चरा पडला तर तेवढ्यापुरतं पुन्हा तेल लावता येतं. पण घाम आणि ओल यांच्यापासून तेल फारसं वाचवत नाही, आणि काचेसारखी चमक त्यातून येत नाही. मेपलचा नेक तेलावर ठेवला तर वर्षभरात हाताचा मळ बसून तो करडा पडू लागतो. काहींना ते आवडतं, मला नाही.

तेल वापरलंत तर एवढं पाळाच: तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गुंडाळलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. चिंधी उघड्यावर सपाट पसरून पूर्ण वाळू द्या, मगच टाका.

लॅकर, पीयू (पॉलियुरेथेन), पाण्यावर आधारित क्लिअर: यातलं काय घ्यावं?

यातला मूळ फरक थर वाळतो कसा याचा आहे. नायट्रोसेल्युलोज लॅकर आणि अॅक्रिलिक लॅकर थिनर उडून गेल्याने वाळतात. थर वाळल्यावरही थिनर लागला की तो पुन्हा विरघळतो. त्यामुळे नवा हात आधीच्या हातात मुरतो आणि दहा हात मारले तरी शेवटी एकच थर उरतो. दुरुस्तीला हे वरदान आहे. तोटा असा, की लॅकर मऊ राहतं आणि थंडीतून एकदम उबेत आणलं तर त्याला बारीक तडे जातात. नायट्रो तर उजेडाने पिवळटही होतं.

दोन भागांचं पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचं, रासायनिक क्रियेने कडक होतं. एकदा कडक झालं की थिनरला दाद देत नाही. नवा हात जुन्या हातात विरघळत नाही, त्यावर फक्त चिकटून बसतो. तीन-चार हातांत काम होतं आणि थर दणकट असतो, पण चूक झाली तर ती निस्तरणं कष्टाचं.

पाण्यावर आधारित क्लिअरला वास कमी आणि आगीचा धोका नगण्य. त्याचा थर कधीकधी किंचित निळसर, थंड दिसतो, म्हणून गडद लाकडावर आधी शेलॅकचा (लाखेच्या वॉर्निशचा) एक हात दिला तर लाकडाची ऊब टिकते.

पहिली गिटार असेल तर माझा कौल स्प्रेच्या डब्यातल्या लॅकरला. ते माफ करणारं फिनिश आहे. घासताना खाली लाकूड लागलं तरी वर पुन्हा हात मारता येतात आणि जोड दिसत नाही.

नायट्रो लॅकर गिटारवर आलं ते १९२० च्या दशकात, त्याच सुमारास मोटारींवरही. पुढे १९५० आणि १९६० च्या दशकांत फेंडरने आपल्या रंगीत गिटारींसाठी ड्यूपाँटचे ड्युको आणि लुसाइट हे मोटारींचेच रंग वापरले. लुसाइट अॅक्रिलिक होतं. तेव्हा ‘अस्सल जुन्या गिटारवर फक्त नायट्रोच असायचं’ हे सरसकट खरं नाही, आणि अॅक्रिलिकचा डबा हाती लागला म्हणून हिरमुसायचं कारण नाही.

मास्क खरंच लागतो का? मी तर गच्चीवर स्प्रे मारणार आहे.

लागतो. धुळीसाठीचा साधा मास्क थिनरची वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठी असलेल्या कार्ट्रिजचा, पुढे कणांचा फिल्टर असलेला मास्क घ्या. लॅकरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते आणि लांबवरच्या ठिणगीनेही पेटते. गिझरची ज्योत, शेगडी, साधा पंखा, यांतलं काहीही जवळ नको.

दोन भागांच्या पीयूबद्दल मी कडक बोलतो. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते फुप्फुसात गेले तर दमा होऊ शकतो, आणि एकदा शरीर त्यांना संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो. त्यांना वास जवळजवळ नसतो, म्हणून नाकावर भरवसा ठेवता येत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क नसेल तर घरी ते फवारू नका. बॉडी तयार करून व्यवस्थित बूथ असलेल्या रंगाऱ्याकडून स्प्रे करून घ्या आणि घासण्याचं काम स्वतः करा. बुडाचं बटण दाबून हार्डनर सोडायचे डबे मिळतात, त्यांनाही हेच लागू.

क्लिअरआधी लाकूड कितपत घासायचं?

१२० नंबरच्या सँडपेपरपासून सुरू करून २२० पर्यंत (नंबर मोठा तितका पेपर बारीक), लाकडाच्या रेषांच्या दिशेने. त्यापुढे गेलात तर वेळ जातो, आणि फार गुळगुळीत लाकडाला पहिला हात नीट धरत नाही. २२० झाल्यावर ओल्या फडक्याने बॉडी पुसा. दबलेले तंतू फुगून वर येतील. वाळू द्या आणि तेच २२० हलक्या हाताने पुन्हा फिरवा. क्लिअर लाकडातला कोणताही दोष झाकत नाही, भिंगासारखा मोठा करून दाखवतो. म्हणून दिवा एका बाजूने, जवळजवळ बॉडीला टेकवून धरा आणि आडवे चरे शोधा. विशेषतः कडांच्या आतल्या वळणांत, जिथे लाकडाचा आडवा छेद येतो तिथे, ते हमखास लपलेले असतात.

याच वेळी धारदार कडा गोल करून घ्या, निदान दीड-दोन मिलिमीटर. हे का, ते कडांच्या प्रश्नात येईल.

ग्रेन फिलर लावायलाच हवा का?

लाकडावर अवलंबून आहे. मेपल, आल्डर, स्प्रूस यांची रंध्रं बारीक असतात, फिलरची गरज नाही. महोगनी, अॅश, अक्रोड, रोझवूड यांची उघडी असतात. आरशासारखी सपाटी हवी असेल तर ती भरावी लागतात. फिलर रेषांच्या आडव्या दिशेने प्लॅस्टिकच्या पट्टीने दाबून भरा, जास्तीचा खरवडून काढा, सांगितलेला वेळ वाळू द्या आणि मग घासा. बहुतेक वेळा दुसरा हात लागतोच. नुसत्या क्लिअरने रंध्रं भरता येतात, पण त्यासाठी इतका जाड थर लागतो की पुढे महिनोन्‌महिने तो आत बसत राहतो.

सीलर म्हणजे काय आणि तो कशासाठी?

लाकूड आणि क्लिअर यांच्यामधला दुवा. सँडिंग सीलर लवकर वाळतो आणि पेपरखाली भुकटी होऊन सहज निघतो, त्यामुळे पहिली सपाटी पटकन मिळते. मात्र तो मऊ असतो. एक किंवा दोन हात, तेही बरेचसे घासून काढलेले, एवढंच ठेवा. रोझवूड, कोकोबोलो अशा तेलकट लाकडांवर पीयू किंवा तेलाधारित वॉर्निश वाळायला त्रास देतं. तिथे आधी नॅप्थाने (पेट्रोलियमपासूनच्या द्रावकाने) पुसून मेणरहित शेलॅकचा किंवा व्हिनाइल सीलरचा हात द्या.

टेप कुठे कुठे लावायची?

जिथे क्लिअर नको तिथे: बोल्टने जोडायच्या नेकचा खाचा, नटची (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) जागा आणि रोझवूडचा फ्रेटबोर्ड. मेपलच्या फ्रेटबोर्डला मात्र क्लिअर लागतं. ते फ्रेटवरूनच मारतात आणि नंतर फ्रेटवरचं खरवडून काढतात.

अकूस्टिक गिटारवर ब्रिजची, म्हणजे बॉडीवर तारा अडकतात त्या पट्टीची, जागा सर्वांत महत्त्वाची. स्टीलच्या तारांचा एकूण ताण ७० किलोंच्या आसपास असतो. ब्रिज क्लिअरवर चिकटवला तर तो आज ना उद्या उचकटणार. ब्रिजच्या आकारापेक्षा बाजूने जरासा आत असा टेपचा तुकडा कापून लावा, म्हणजे ब्रिज उघड्या लाकडावर बसेल आणि कडेने लाकूड दिसणार नाही.

टेप काढण्यापूर्वी तिच्या कडेवरून नव्या ब्लेडने हलकी रेघ ओढा. नाहीतर टेपबरोबर क्लिअरचा पापुद्राही येतो.

दमट हवेत स्प्रे मारला तर काय होतं?

थर दुधाळ होतो. थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि लॅकरमध्ये अडकते. तापमान २० ते २५ अंश आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असलेली वेळ निवडा. धुकटपणा आलाच तर घाबरून पुसू नका. हलका असेल तर कोरड्या हवेत काही तासांत जातो. गेला नाही तर रिटार्डर (वाळणं मंदावणारं द्रव) मिसळलेल्या थिनरचा, किंवा कोरड्या दिवशी लॅकरचाच, एक हलका हात द्या. खालचा थर सैल होतो आणि अडकलेली ओल निघून जाते. वर धुकं असताना पुढचे हात मारत गेलात तर मात्र ते कायमचं आत राहतं.

स्प्रे मारायची योग्य पद्धत काय?

डबा दोन मिनिटं नीट हलवा. हवा गार असेल तर कोमट पाण्यात दहा मिनिटं उभा ठेवा. गरम पाणी किंवा ज्योत कधीच नाही. बॉडीपासून २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवा. बटण बॉडीच्या बाहेर दाबा, हात सरळ रेषेत बॉडीवरून न्या आणि पलीकडे बाहेर गेल्यावर सोडा. मनगट वळवलं की मधे जाड आणि टोकांना पातळ बसतं, म्हणून अख्खा हात हलवायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. आधी कडा, मग पाठ, शेवटी पुढची बाजू.

थर ओला दिसला पाहिजे. हात फार लांब किंवा फार वेगात गेला तर थेंब हवेतच अर्धे वाळून बसतात आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत पोत येतो. फार जवळ किंवा सावकाश गेला तर ओघळ येतो. यांच्या मधली गती शिकायला त्याच लाकडाचे, तसेच घासलेले दोन-तीन तुकडे घ्या आणि त्यांच्यावर सगळं काम सीलरपासून बफिंगपर्यंत (घासून चमकवण्यापर्यंत) करून पाहा. हे तुकडे मी फेकत नाही. पुढे गिटार कितपत वाळली आहे हे त्यांच्यावरच तपासता येतं.

एकूण किती हात मारायचे, आणि मधे किती थांबायचं?

डब्यातल्या लॅकरचे ८ ते १२ हात. दिवसाला तीन, दोन हातांमध्ये दीड-दोन तास. तीन हात झाले की रात्रभर थांबा आणि ३२० किंवा ४०० चा कोरडा पेपर ठोकळ्यावर लावून फक्त उंचवटे काढा. सगळं एकसारखं होईपर्यंत घासत बसू नका. ते शेवटचं काम आहे. एका इलेक्ट्रिक बॉडीला ४०० मिलिलिटरचे दोन-तीन डबे लागतात, नेक असेल तर आणखी एक.

पीयू किंवा पाण्यावर आधारित क्लिअर असेल तर डब्यावरचं वेळापत्रक काटेकोर पाळा. त्यांच्यात पुढचा हात मारायची ठरावीक मुदत असते. ती उलटली की आधी पेपर फिरवून खरखरीतपणा द्यावा लागतो, नाहीतर थर एकमेकांना धरत नाहीत.

मग शेवटी थर किती जाड असतो?

चांगल्या लॅकर फिनिशचा तयार थर साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटर असतो. छपाईच्या साध्या कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर धरली तर तुमच्याकडे घासायला जेमतेम एक-दीड कागद आहे, आणि त्यातलाही बहुतेक भाग गिटारवर उरायला हवा. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की हात आपोआप हलका होतो. ‘जाड मारू, मग बिनधास्त घासू’ हा मार्ग मला पटत नाही. जाड थर आतून वाळत नाही, सहज तडकतो आणि अकूस्टिकच्या पुढच्या पातळ फळीवर नकोसं वजन होतो.

ओघळ आला. आता?

बोट लावू नका, पुसू नका. पूर्ण वाळू द्या, दोन-तीन दिवस. मग दाढीचं एकेरी ब्लेड घ्या, त्याच्या दोन्ही टोकांना सेलोटेप गुंडाळा आणि मधला उघडा भाग ओघळावर ठेवून खरवडा. टेपच्या जाडीमुळे ब्लेड फक्त उंच भागालाच लागतं. उरलेलं ६०० च्या पेपरने सपाट करा.

गोल गोल खड्डे का पडतात?

पृष्ठभागावर सिलिकॉन किंवा तेल आहे. फर्निचर पॉलिश, गंजरोधक स्प्रे, हातावरचं क्रीम, कशातूनही ते येतं. तो हात वाळू द्या, घासा, नॅप्थाने पुसा, नंतर अगदी हलके, जवळजवळ कोरडे दोन-तीन हात देऊन मग नेहमीचा हात मारा. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं असतील तर कारण वेगळं आहे: हात फार जाड पडला आणि वरचा भाग आधी वाळल्याने आतला थिनर बुडबुडे होऊन बाहेर फुटला.

शेवटच्या हातानंतर घासायला घेण्याआधी किती दिवस थांबू?

लॅकर असेल तर निदान तीन आठवडे, जमलं तर चार. पाण्यावर आधारित असेल तर एक-दोन आठवडे. दोन भागांचं पीयू काही दिवसांत तयार होतं.

मी हे कळकळीने सांगतो, कारण माझी पहिली महोगनीची गिटार मी आठव्या दिवशी घासून चमकवली होती. त्या संध्याकाळी ती आरशासारखी होती. दोन महिन्यांनी लाकडाची प्रत्येक रेष पृष्ठभागावर उमटलेली दिसायला लागली. घासताना सपाटी खरी होती, पण थरात थिनर शिल्लक होता. तो निघून गेला तसा थर आकसला, आणि जिथे रंध्रांवर तो जाड होता तिथे जास्त आकसला.

हाताला कोरडं लागणं ही खूण पुरेशी नाही. नाक बॉडीजवळ न्या आणि श्वास घ्या. थिनरचा वास येत असेल तर थर अजून आकसतो आहे. दुसरी परीक्षा पिकअपच्या (तारांचं कंपन टिपणाऱ्या चुंबकी भागाच्या) खाचेत किंवा जपून ठेवलेल्या तुकड्यावर: नख दाबून पाहा, खूण उमटली तर थांबा. पेपरही सांगतो. घासताना कोरडी पांढरी भुकटी पडली तर ठीक, पेपरवर गोळे चिकटले तर आणखी आठवडाभर टांगून ठेवा. हवा खेळती राहील अशी टांगा, केसमध्ये बंद करू नका.

घासायला कोणत्या नंबरपासून सुरुवात करू?

पृष्ठभाग जितका चांगला, तितक्या बारीक पेपरपासून. साधारणपणे ८००, १०००, १२००, १५००, २०००. पोत फार खडबडीत असेल तरच ६००. स्प्रे अगदी मऊ बसला असेल तर थेट १००० पासून. नियम एवढाच, की सपाटी पूर्णपणे पहिल्या नंबरवर आणायची. पुढचे सगळे नंबर फक्त आधीच्या नंबरचे चरे काढायला असतात.

पेपरच्या पाठीवर आकड्याआधी ‘पी’ हे अक्षर आहे का ते मात्र बघा. युरोपीय आणि जुन्या अमेरिकी मापांत बारीक नंबरांना मोठा फरक पडतो. पी ८०० चा कण सुमारे २२ मायक्रॉनचा असतो, पी १००० चा १८, पी १५०० चा १३ आणि पी २००० चा १०. ‘पी’ नसलेला अमेरिकी ६०० चा कण सुमारे १६ मायक्रॉनचा, म्हणजे तो जवळजवळ पी १२०० च्या जोडीचा. दोन मापं मिसळली तर तुम्ही बारीक पेपर समजून भरड फिरवाल आणि चरे कुठून आले ते कळणार नाही. सगळे पेपर एकाच मापाचे घ्या.

वॉटर पेपर पाण्यातच वापरायचा का?

सपाट, अखंड भागांवर हो. पेपर आधी पंधरा-वीस मिनिटं भिजवा आणि पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाका, म्हणजे भुकटी पेपरात अडकत नाही. पाणी वरचेवर बदला. भांड्याच्या तळाशी बसलेला एखादा भरड कण १५०० च्या पेपरखाली आला तर तासाभराचं काम वाया.

पण स्क्रूची भोकं, पिकअपचे खाचे, अकूस्टिकचं साउंडहोल, जिथे उघडं लाकूड आहे तिथे पाणी जाता कामा नये. लाकूड फुगतं आणि भोकाभोवती क्लिअर उचलून कडं तयार होतं. ते नीट दुरुस्त करणं फार अवघड. भोकांत मेण भरा, किंवा अशा भागात पाण्याऐवजी मिनरल स्पिरिट वापरा, किंवा तिथे कोरडाच पेपर फिरवा.

प्रत्यक्ष घासायचं कसं?

ठोकळ्याने. पेपर नुसता बोटांखाली धरला तर दाब बोटांच्या पेरांवर येतो आणि बोटांच्या रुंदीचे पन्हळ पडतात. बफिंग झाल्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यांच्यात वाकडं दिसतं. सपाट भागाला कडक रबर किंवा कॉर्कचा ठोकळा, वळणाला मऊ फोम.

दाब पेपरच्या आणि ठोकळ्याच्या वजनाहून थोडाच जास्त. दहा-बारा फेऱ्या झाल्या की थांबा, प्लॅस्टिकच्या पट्टीने पाणी ओढून काढा, पुसा आणि तिरक्या उजेडात बघा. ओलं असताना सगळंच चकचकीत दिसतं. कोरडं झाल्यावर जिथे पेपर लागला तो भाग मॅट दिसेल आणि मधे मधे चमकणारे ठिपके दिसतील. ते ठिपके म्हणजे खोलगट जागा, तिथे पेपर अजून पोहोचलेला नाही. त्या ठिपक्यावरच पेपर घासत बसायचा मोह होतो. तसं केलंत तर खड्डा तसाच खाली सरकतो. आजूबाजूचा सगळा भाग खाली यायला हवा. ठिपके लहान होत होत नाहीसे झाले आणि सगळी बाजू एकसारखी मॅट झाली की पहिल्या नंबरचं काम संपलं. एखाददुसरा हट्टी ठिपका राहिला तर मी तो सोडतो, किंवा बारीक ब्रशने त्यात लॅकरचा थेंब सोडून आठवडाभराने सपाट करतो. तेवढ्यासाठी अख्खी बाजू पातळ करणं परवडत नाही.

नंबर बदलताना दिशाही बदला: ८०० उभा, १००० तिरका, १२०० पुन्हा उभा. मग आधीचे चरे उरले असतील तर वेगळ्या दिशेने लगेच ओळखू येतात. प्रत्येक नंबरनंतर बॉडी, ठोकळा आणि हात धुवा. गडद रंगाच्या गिटारवर राहिलेला ८०० चा एक चराही बफिंगनंतर डोळ्यांत भरतो, आणि तेव्हा परत मागे यावं लागतं.

कडेवर क्लिअर फाटून लाकूड दिसायला लागलं. हे इतकं सहज का होतं?

तिथे दोन गोष्टी एकत्र येतात. ओलं क्लिअर पृष्ठताणामुळे धारदार कडेवरून मागे सरकतं, म्हणून कडेवर थर मुळातच पातळ असतो. आणि ठोकळा कडेवर आला की सगळा दाब एका रेघेवर पडतो. कडा आधीच गोल करायला सांगतात ते यामुळे. घासताना ठोकळा कडेच्या आत पाच-सहा मिलिमीटरवर थांबवा. कडांना फक्त शेवटी, १५०० चा पेपर हातात धरून, दोन-तीन हलक्या फेऱ्या पुरतात. सुरुवातीला कडेला मास्किंग टेप लावून ठेवली तरी चालेल.

फाटलंच तर पहिल्यांदा थांबा. आणखी दोन फेऱ्या मारून बघू, असं नको. खालचं लाकूड नैसर्गिक रंगाचं असेल तर लॅकरचे तीन-चार हात त्या भागावर द्या आणि पुन्हा वाळू द्या. लॅकर जुन्या थरात विरघळून मिसळेल. लाकडाला रंग दिलेला असेल आणि तोही निघाला असेल तर आधी बारीक ब्रशने तो रंग जुळवा. माझ्या एका निळ्या मेपलच्या गिटारच्या वरच्या शिंगावर (बॉडीच्या नेकजवळच्या निमुळत्या टोकावर) असा फिकट डाग पडला होता. रंग जुळवायला तीन दिवस गेले, पण आज तो मलाही शोधावा लागतो.

घासल्यावर नकाशातल्या उंचीच्या रेषांसारख्या रेषा दिसतात. त्या कसल्या?

पीयू आहे ना? वरचा हात घासून तुम्ही खालच्या हातात पोहोचलात. थर एकमेकांत विरघळलेले नसल्यामुळे त्यांची सीमा रेषेसारखी दिसते. कितीही बफ केलं तरी ती जात नाही. पूर्ण पृष्ठभाग ६०० ने खरखरीत करून वर एक पूर्ण हात मारा, आणि पुढच्या वेळी सपाटी शेवटच्या हाताच्या आधीच आणा, म्हणजे शेवटच्या हातातून फारच थोडं काढावं लागेल. लॅकरमध्ये हा प्रश्न सहसा येत नाही.

बफिंग हाताने करू की मशीनने?

हाताने होतं, फक्त दंड भरून येतात. मऊ सुती कापडावर आधी मध्यम कंपाउंड (घासून चमकवायची पेस्ट), नंतर बारीक, शेवटी गोल चरे काढणारं पॉलिश. प्रत्येकाला वेगळं कापड. ड्रिलला फोमचा पॅड लावला तर वेळ वाचतो. वेग कमी ठेवा आणि पॅड सतत हलता ठेवा. लॅकर उष्णतेने मऊ पडतं. पॅड एका जागी थांबला की थर ओढला जातो. बॉडी हाताला गरम लागली तर थांबा. पॅडची फिरण्याची दिशा कडेवरून बाहेर जाणारी असावी, कडेवर आदळणारी नव्हे.

सिलिकॉन असलेलं पॉलिश घेऊ नका. आज चमकेल, पण पुढे कधी दुरुस्तीसाठी स्प्रे मारायची वेळ आली तर तेच गोल खड्डे पडतील.

मला चकचकीत नको, मॅट हवं.

मग १००० पर्यंत सपाट करून करड्या घासणीने किंवा ०००० नंबरच्या स्टील वूलने रेषांच्या दिशेने सरळ, लांब फेऱ्या मारा. स्टील वूल वापरताना पिकअप बसवलेले नसावेत. त्याचे कण चुंबकांना चिकटतात आणि निघत नाहीत. बॉडी चकचकीत आणि नेकची पाठ मॅट, ही जोडी मला स्वतःला सर्वांत आवडते. घामेजला हातही नेकवर अडखळत नाही.

क्लिअरने आवाज बदलतो का?

अकूस्टिकच्या पुढच्या फळीवर, हो. ती पातळ फळी हलण्यावरच आवाज उभा असतो, म्हणून तिथे थर शक्य तितका पातळ ठेवा. भरीव बॉडीच्या इलेक्ट्रिकवर मला फरक ऐकू आलेला नाही. तिथे दिसणं, स्पर्श आणि टिकाऊपणा बघून ठरवा.

तारा लावल्या, गिटार तयार. आता स्टँडवर ठेवू?

लॅकर असेल तर स्टँडचं रबर आधी सुती कापडाने गुंडाळा. बऱ्याच रबरांत आणि फोममध्ये असलेले प्लास्टिसायझर नायट्रोला मऊ करतात आणि जिथे टेकलं तिथे चिकट डाग उमटतो. व्हिनाइलचा पट्टा गिटारवर गुंडाळून ठेवला तरी हेच होतं. पहिले दोन-तीन महिने केसमध्येही मऊ सुती कापडात ठेवा, नाहीतर अस्तराचे तंतू पाठीवर ठसा उमटवतात. आणि थंड जागेतून केस आत आणली तर ती लगेच उघडू नका. तासभर तशीच राहू द्या, आतलं लाकूड आणि क्लिअर हळूहळू खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच कड्या सोडा.